परसबागेतील बटाटा : प्रश्न बेण्याचा

बटाटा उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. परसबागेत, अगदी मातीने भरलेल्या गोणीतही हे पीक घेता येते; मात्र यश मुख्यत्वे बेण्यावर अवलंबून असते.

बटाटा हे मूळ नसून जमिनीखालील खोडाचे रूपांतर आहे. त्यावरील ‘डोळे’ म्हणजे कळ्या होत. लागवडीसाठी कंदच वापरला जात असल्याने त्यातील विषाणू नव्या पिकात उतरतात. मावा ही कीड ते एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. घरचेच बटाटे वर्षानुवर्षे लावल्यास उत्पादन घटते, ते यामुळेच.

यावर केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उपाय शोधला. १९४९ मध्ये पाटणा येथे स्थापन झालेली ही संस्था १९५६ मध्ये सिमल्यास हलविण्यात आली. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा अत्यल्प असतो. त्याच काळात बेण्याचे पीक वाढवून, मावा बळावण्यापूर्वी पाला कापला जातो. परिणामी, मैदानातच निरोगी बेणे तयार होऊन डोंगराळ भागावरील अवलंबित्व कमी झाले.

परसबागेत प्रमाणित, कोंब आलेले बेणे थंडीच्या प्रारंभी लावावे. कंद पोसण्यास थंड रात्री आवश्यक असतात. रोपांना मातीची भर द्यावी. अन्यथा उघडे कंद प्रकाशाने हिरवे होतात व त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. पाला पिवळा पडताच पाणी तोडून काढणी करावी. मात्र पुढील हंगामासाठी पुन्हा प्रमाणित बेणेच आणणे हिताचे ठरते.