मन जिथं आहे, तिथून सुरू होणारं गाणं

‘काहीतरी चांगलं ऐकायला सुचव ना,’ असं कुणी म्हटलं की आपण आपल्या आवडीचं गाणं लगेच पाठवून देतो. चार दिवसांनी विचारावं, तर ‘ऐकलं, छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं आणि विषय तिथंच संपतो. गाणं उत्तम असतं, पाठवणाऱ्याचा हेतूही मनापासूनचा असतो, तरी ते पोचत नाही. कारण ते कुठल्या वेळी आणि कुठल्या मनःस्थितीत ऐकायचं, हे आपण सांगितलेलंच नसतं. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये ऐकलेला मारवा राग नुसता त्रासदायक वाटू शकतो. तोच मारवा दिवेलागणीला, एकट्यानं ऐकला तर मनातली नाव नसलेली हुरहुर बोलू लागते. गाण्याची निवड ही मनाच्या अवस्थेची निवड असते, आणि आपल्याकडच्या संगीतानं तिचा विचार फार बारकाईनं केलेला आहे.

तेच स्वर, वेगळी मनं

मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिघांचे स्वर तेच: षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. तिघांतही पंचम वर्ज्य. तरी ऐकणाऱ्याला तिन्ही ठिकाणी वेगळं माणूस भेटल्यासारखं वाटतं. मारव्यात रिषभ आणि धैवत यांवर जोर असतो आणि षड्ज, म्हणजे सुराचं घर, गायक बराच वेळ टाळत राहतो. त्यामुळे कान विसाव्याची जागा शोधत राहतो. मारव्याची कातर अस्वस्थता तिथून येते. पूरिया गंधार-निषादाच्या आधारानं मंद्र सप्तकात रमतो आणि गंभीर होतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती खेळते, म्हणून चपळ आणि उत्कट वाटते. तिची वेळ रात्र सरतानाची.

भूप आणि देशकार यांचंही असंच. दोघांत मध्यम आणि निषाद नाहीत, उरलेले पाचही स्वर शुद्ध. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर गंधार, म्हणून त्याचा भर सप्तकाच्या पूर्वांगात, म्हणजे खालच्या अर्ध्या भागात, आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा. देशकाराचा वादी धैवत, भर उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात, वेळ सकाळची. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, तेव्हा वादी स्वर, कोमल-शुद्ध रिषभ-धैवत आणि मध्यमाचा प्रकार यांवरून रागाची वेळ कशी ओळखावी, याचीही संगती लावून दाखवली.

हे समयचक्र निसर्गाचा कायदा आहे, असा माझा दावा नाही. कर्नाटक संगीतात मैफलीच्या वेळेचं एवढं बंधन पाळत नाहीत. आपल्याकडेही सकाळची भैरवी कुठल्याही प्रहरी मैफलीच्या शेवटी गायली जाते आणि पावसाळ्यात मल्हाराला घड्याळ विचारत नाहीत. पण पिढ्यान्‌पिढ्या एक राग एका वेळी ऐकत आल्यानं त्या वेळेचा उजेड, हवा, घरातले आवाज आणि दिवसभराचा थकवा त्या सुरांशी जोडला गेला. ही जोडणी खरी आहे, आणि नव्या श्रोत्यालाही ती स्वतःपुरती घडवता येते. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं एकच राग ऐकून पाहा. काही आठवड्यांनी ती वेळ झाली की राग आपणहून आठवू लागेल.

आधी जुळवा, मग वळवा

मन खट्टू असताना घरातलं कुणीतरी मुद्दाम आनंदी गाणं लावतं आणि आपल्याला ते नकोसं होतं. याचं कारण संगीतोपचाराच्या क्षेत्रात फार पूर्वी ओळखलं गेलं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४०च्या दशकात एक तत्त्व मांडलं: रुग्णाची जी मनःस्थिती आहे, तिच्याशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करावी आणि मग लय व भाव हळूहळू बदलत त्याला हव्या त्या अवस्थेकडे न्यावं. उलट्या टोकाचं संगीत एकदम लावलं तर मन ते झिडकारतं.

ख्यालाची बांधणी या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. विलंबित आलापातून एकेक स्वर उलगडत जायचा, मग बोलअंग, ताना, शेवटी द्रुत बंदिश किंवा तराणा. सुस्त, जड झालेल्या मनासाठी हा क्रम अगदी योग्य आहे. गाणं त्याच्या चालीनं चालायला लागतं आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याला पळवतं. संताप, चिडचिड, धडधड असेल तेव्हा मात्र क्रम उलटा करावा. आधी एक द्रुत तराणा, मग मध्य लयीतली बंदिश, आणि शेवटी विलंबित. चिडलेल्या माणसाला थेट विलंबित दरबारी ऐकवली तर तो दुसऱ्या मिनिटाला उठून जाईल.

दुःखात दुःखाचंच गाणं का?

मन उदास असताना आपण उदास गाणी शोधतो, ही गोष्ट अनेकांना विपरीत वाटते. बर्लिनच्या लिला तारुफ्फी आणि स्टेफान केल्श यांनी २०१४मध्ये या प्रश्नावर ७७२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. उदास संगीत ऐकताना सर्वांत जास्त लोकांनी सांगितलेली भावना दुःख नव्हती. ती गतकाळाची ओढ होती. शांतता आणि कोमलता यांचाही उल्लेख बराच झाला. या दुःखाला प्रत्यक्ष आयुष्यातले परिणाम नसतात, म्हणून ते सुरक्षितपणे अनुभवता येतं, हाही एक धागा त्यात निघाला.

आपल्या रसविचाराला हे अनोळखी नाही. नाट्यशास्त्रानं करुणालाही रसच मानलं, म्हणजे आस्वाद घेण्याची गोष्ट. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. सुन्न झालेल्या मनाला ती सोबत करते. खोटा दिलासा देत नाही, घाई करत नाही. मात्र तेच गाणं पुन्हापुन्हा लावून मन एकाच जागी फिरत राहिलं, उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर गाण्यावर भागवू नये. तिथं डॉक्टरांची मदत घ्यावी.

मधली शांतता

इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये २४ जणांवर एक प्रयोग केला. त्यात १२ जण संगीत शिकलेले होते आणि १२ नव्हते. वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकताना त्यांचा श्वास, नाडी, रक्तदाब मोजला गेला. लय वाढली की श्वास आणि नाडीही वाढत होती. पण सर्वांत जास्त विसावा दिसला तो तुकड्यांच्या मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत.

आज एक गाणं संपायच्या आत दुसरं आपोआप सुरू होतं. आधीच्या गाण्यानं जे केलं, ते मनात उतरायला वेळच मिळत नाही. म्हणून फोनवरची ही आपोआप पुढं जाण्याची सोय बंद ठेवावी आणि एक रचना संपल्यावर दोन मिनिटं काहीच लावू नये.

दिवसाचे तुकडे

नव्यानं ऐकणाऱ्याला एका दिवसाचा फेरफटका हवा असेल, तर १९६७चं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्यावं. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांतून मांडलाय: सुरुवात अहिर भैरवानं आणि शेवट पहाडीनं.

सकाळ आळसावलेली असेल तर भीमसेन जोशींची तोडी ऐकावी. तो आवाज अंग झटकून उभं करतो. लिहायचं-वाचायचं काम असेल तर शब्द असलेली गाणी टाळावीत, कारण कानावरचे शब्द डोळ्यांपुढच्या शब्दांशी झगडतात. तिथं सतार, सरोद, बासरी बरी. दिवसभराच्या कटकटीनंतर मन मोकळं करायचं असेल तर किशोरी आमोणकरांचा भूप आहे. आणि एकटेपणाची भीती वाटत असेल तर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेल्या या गायकानं देवासला अंथरुणावर काढलेल्या वर्षांत माळव्याची लोकगीतं कानात साठवली. पुढं त्यांच्या गाण्यात जो एकांत आला, तो भेदरलेला नाही, तो भरलेला आहे.

रात्रीच्या रागांकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यायला हवं. १९५३मध्ये भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर बंधन आणलं. झोपेच्या हक्कासाठी ते गरजेचंही आहे. पण त्यामुळे मालकंस, दरबारी, सोहनी त्यांच्या वेळी ऐकण्याची संधी जाहीर मैफलींतून जवळजवळ गेली. आता ती जबाबदारी घरावर आली आहे. महिन्यातून एखादी रात्र घरातल्यांनी दिवे मंद करून, हळू आवाजात मालकंस ऐकायला काय हरकत आहे?

एकाचा काटा, दुसऱ्याला काहीच नाही

आता सुचवण्याकडे येऊ. माँट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हॅलोरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांचं २०११चं संशोधन इथं उपयोगी पडतं. ज्या संगीतानं अंगावर काटा येतो, असं स्वतःच्या आवडीचं संगीत लोकांनी आणायचं होतं. ते ऐकताना मेंदूत डोपामाइन स्रवतं, हे दिसलं. आणि तो स्राव उत्कट क्षण येण्याआधी, त्याची वाट पाहतानाही होतो, फक्त मेंदूच्या वेगळ्या भागात. तुलनेसाठी वापरलेलं ‘तटस्थ’ संगीत म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी आवडीचंच संगीत होतं. एकाच्या अंगावर काटा आणणारी गोष्ट दुसऱ्याला तशीच सोडून जाऊ शकते.

मैफलीतल्या समेचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचं, सामर्थ्य या वाट पाहण्यात आहे. गायक तान घेऊन निघतो, ठेका चालू असतो, सगळ्यांना ठाऊक असतं की हा समेवर येणार. आणि तो आला की अनोळखी माणसांच्या माना एकदम हलतात. वाट पाहायला शिकवणं म्हणजेच गाणं ऐकायला शिकवणं. म्हणून कुणाला राग सुचवताना निदान ठेका मोजायला आणि सम ओळखायला मदत करावी.

आपल्या आधीच्या पिढ्यांना वाट पाहणं आयतंच मिळालं होतं. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं: ५६ गीतं, आठवड्याला एक. लोक रेडिओभोवती जमून ऐकत. पुढं विविध भारतीवर फर्माईश कळवायची आणि ते गाणं लागेपर्यंत थांबायचं. मग कॅसेट आल्या. कोऱ्या साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन बाजूंवर कुठली गाणी बसतील, कुठलं आधी, कुठलं नंतर, याची यादी करताना ज्याला ती द्यायची तो माणूस सतत डोळ्यांपुढं असायचा. त्या यादीत क्रम होता, मर्यादा होती आणि ऐकणाऱ्याचा विचार होता.

तो विचार आजही करता येतो. शंभर गाण्यांची यादी पाठवू नका, एकच रचना पाठवा. तिच्याबरोबर दोन ओळी लिहा: ही अमुक वेळी ऐक, मन असं असेल तेव्हा ऐक, आणि अमुक मिनिटाला काय होतं तिकडे कान दे. जमलं तर शेजारी बसून ऐका. समोरच्याला आवडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचं मन त्या वेळी कुठं होतं ते विचारा आणि तिथून सुरू होणारं दुसरं काही शोधा. आणि त्यानं सुचवलेलंही तेवढ्याच तन्मयतेनं ऐका, मग ती लावणी असो, कव्वाली असो वा तरुण मुलांचं रॅप. आवडीचं गाणं देताना माणूस आपल्या मनाची एक जागा दाखवत असतो. ती नीट पाहण्याइतका वेळ आपण एकमेकांना द्यायलाच हवा.