ऑपरेशननंतरची सूज आणि हमालाची सुट्टी

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये सोयाबीन निघू लागले की पोती उचलणाऱ्यांना उसंत नसते. जांघेत गोळा उतरला तरी आमचा माणूस लाजेपायी वर्षानुवर्षे तो लपवतो. शेवटी हर्नियाचे ऑपरेशन होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडकोश सुजून निळाजांभळा झालेला पाहून घरचे घाबरतात. ऑपरेशन फसले, अशी बोंब होते.

बहुतेक वेळा तसे नसते. जखमेच्या आतले रक्त व पाणी उताराला लागून खाली साचते. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, मग पंधरवड्यात बरीचशी उतरते. तिला आवरायला महागडे औषध लागत नाही. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, थांबून थांबून ठेवावा. घट्टसर चड्डी किंवा लंगोट घालावा, निजताना अंडकोशाखाली टॉवेलची घडी द्यावी. डॉक्टरांनी उठवले की थोडे थोडे चालावे. घरची म्हातारी माणसे शेक आणि तेल-मालीश सुचवतात. ताज्या जखमेवर तो उद्योग नको. शौचाला कुंथू नये, बिडी सोडावी, खोकताना जखमेवर हात धरावा. मात्र सूज झपाट्याने वाढली, ताप किंवा पू आला, लघवी अडली, उलट्या झाल्या, तर तडक दवाखाना गाठावा.

एवढे जमते. जमत नाही ते चार-सहा आठवडे ओझे न उचलणे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाची निर्जंतुक जाळी वापरून हे ऑपरेशन गरिबाच्या आवाक्यात आणले. युगांडात झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अशी जाळी महागड्या जाळीच्या तोडीस उतरली. जाळीचा खर्च सुटला. दीड महिन्याची मजुरी कोण देणार?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, 1943 साली, प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. पुढे 1948 साली राज्य कामगार विमा कायदा झाला. या योजनेत आजारी कामगाराला वर्षातून 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. शेतमजूर आणि सुगीपुरता लागणारा हमाल या छत्राबाहेर राहिला. म्हणून टाके सुकतात न सुकतात तोच तो पोत्याला पाठ देतो. डॉक्टर रागावतात, हा मान खाली घालून ऐकतो. आमची मागणी एवढीच, की जिथे पोत्यामागे हमाली मोजली जाते, तिथे त्याच हिशेबात आजारपणाच्या फंडाचेही काही पैसे कापले जावेत, आणि ते माल घेणाऱ्याकडून.