ड्रायव्हरवर उगाच आळ

एका वाचकाचा प्रश्न आहे. यूएसबी वायफाय अडॅप्टर एरवी नीट चालतो. शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क लावून कॉपी सुरू केली की इंटरनेट रांगायला लागतं, पट्ट्या मात्र सगळ्या भरलेल्या. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला की दिवसभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. माझ्या मते यात ड्रायव्हरचा दोष नाही. तो टाकताना डिस्क बहुधा काढलेली असते, आणि गुण येतो तो त्यामुळे.

अशी डिस्क बहुधा यूएसबी ३.० ची असते. त्यातून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं जातो, तोही मुद्दाम विस्कटून. त्यामुळे त्यातून निसटणारी ऊर्जा एका वारंवारतेवर न राहता कित्येक गिगाहर्ट्झवर पसरते. वायफायचा जुना २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नेमका त्या पसाऱ्यात येतो. इंटेलनं २०१२ साली यावर एक टिपण काढलं. अशी हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलनं, म्हणजे सुमारे शंभरपट, वाढल्याचं त्यात मोजून दाखवलं आहे. तो गाळूनही टाकता येत नाही, कारण हवा तो सिग्नल आणि नको तो गोंगाट एकाच वारंवारतेवर असतात. मग पट्ट्या भरलेल्या कशा? पट्ट्या दाखवतात ते राउटरच्या सिग्नलचं बळ, आणि ते कमी झालेलंच नसतं. गोंगाटाचा हिशेब त्यात बहुधा धरलेलाच नसतो.

कुणी म्हणेल, डिस्क वीज ओढते म्हणून अडॅप्टर उपाशी राहत असेल. आक्षेप रास्त आहे, पण त्याची खूण वेगळी. वीज अपुरी पडली तर अडॅप्टर बहुधा मधूनच गायब होतो आणि लिनक्सच्या डीमेसेज या नोंदवहीत ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ उमटते. इथे जोडणी टिकून आहे, वेग तेवढा पडला आहे. तरी शंका उरली तर अडॅप्टर त्याच पोर्टात, पण मीटरभर एक्स्टेंशन केबलनं लावून डिस्कपासून लांब ठेवा. वीज तेवढीच, किंबहुना किंचित कमीच पोचेल. तरीही वेग सुधारला तर दोष विजेचा नाही. बिनतारी माउसही कॉपीच्या वेळी अडखळत असेल तर तोही साक्षीदारच, कारण तोही बहुधा याच पट्ट्यावर चालतो.

सगळ्यांत जास्त फटका बसतो तो नखाएवढ्या अडॅप्टरना. त्यांचा अँटेना पोर्टाला खेटूनच असतो. अडॅप्टर आणि राउटर दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर चालणारे असतील तर तिकडे सरका, हा प्रश्न बहुधा उरणार नाही. नसतील तर डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टात लावा: कॉपीला वेळ लागेल, पण नेट चालेल.