लांकडी वस्तु कलादालनांत कशी विकावी?



पुण्यांत बाजीराव रस्त्यानें जातांना विश्रामबाग वाड्याच्या सज्जाकडे ज्याची दृष्टि एकदां तरी वळली नाहीं, असा मनुष्य विरळा. दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेल्या ह्या वाड्याचे सागवानी खांब व त्यांवरील बारीक नक्षी आजहि पाहणाऱ्यास क्षणभर थांबवितात. वाडा कोणाचा, हें आपण चटकन सांगतों. १८२१ सालीं येथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली, हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ते खांब कोणी कोरले, असें कोणी विचारलें, तर आपण निरुत्तर होतों. राजा दिनकर केळकर संग्रहालयांत गेलें तरी हाच अनुभव येतो. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनीं आयुष्य वेंचून जमविलेले कोरीव दरवाजे व खिडक्या पाहतांना संग्राहकाचें नांव आपण आदरानें घेतों; कारागिराचें नांव घ्यावयास मिळतच नाहीं.

ह्याचें कारण सुताराच्या मोबदल्याच्या पद्धतींत आहे. गांवचा सुतार हा बलुतेदार. औत, नांगर, गाडा यांची वर्षभर दुरुस्ती करावी आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, अशी रीत होती. शहरांत तो आला तेव्हां त्यास रोजमुरा मिळूं लागला. दोन्ही ठिकाणीं मोबदला मिळे तो श्रमाच्या दिवसांचा. त्यानें घडविलेल्या अमुक एका वस्तूची किंमत काय, हा प्रश्न त्यास फारसा कोणी विचारला नाहीं. आज तोच सुतार, किंवा हौसेनें रंधा हातीं घेतलेला एखादा सुशिक्षित तरुण, एक कोरीव करंडा घेऊन कलादालनाच्या दारांत उभा राहतो, तेव्हां तीन प्रश्न एकदम पुढें येतात. वस्तूची किंमत किती? ती विकली जाईपर्यंत तिचा मालक कोण? आणि तिच्यावर नांव कोणाचें? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें वस्तु हातावेगळी करण्यापूर्वीं कागदावर उतरलीं, तर कलादालन हा कारागिराचा मोठा आधार आहे. तीं उतरलीं नाहींत, तर मग तेथें वस्तु ठेवण्यापेक्षां ती आपल्या घरीं ठेवलेली बरी. आजच्या भाषणाचा मथितार्थ एवढाच.

प्रथम कलादालनांचे प्रकार पाहूं. एक प्रकार भाड्याच्या दालनाचा. पुणें महानगरपालिकेचें बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालीं उघडलें. त्याला जोडून असलेलें कलादालन ह्या प्रकारांत मोडतें. येथें ठराविक दिवसांचें भाडें भरावयाचें, मांडणी आपण करावयाची, विक्रीचे सारे पैसे आपले आणि न विकल्या गेलेल्या मालाची चिंताहि आपलीच. दुसरा प्रकार खाजगी दालनांचा. तेथें भाडें नसतें. वस्तु ठेवून घेतात आणि ती विकली गेली म्हणजे किंमतींतील ठरलेला हिस्सा कापून उरलेली रक्कम कारागिरास देतात. तिसरा प्रकार म्हणजे दालनानें वस्तु रोख विकत घेऊन पुढें आपल्या मर्जीनें विकणें. तो कारागिरास सर्वांत निर्धोक, परंतु त्यांत मिळणारा भाव साहजिकच कमी असतो.

ह्यांपैकीं दुसरी पद्धति आपणांस अपरिचित नाहीं. मार्केट यार्डांतील अडत्या शेतकऱ्याचा माल ठेवून घेतो, विकतो आणि आपली अडत घेतो, तसेंच हें. फरक एवढाच कीं, कांदा त्याच दिवशीं विकला जातो, आणि कोरीव करंडा सहा महिनेहि एकाच फळीवर बसून राहतो. म्हणूनच दालनाचा हिस्सा मोठा असतो. किंमतीच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत तो मागितला जातो. हा आंकडा ऐकून पुष्कळ कारागीर संतापतात. परंतु जागेचें भाडें, दिवे, वस्तूचें वर्णन करून सांगणारा माणूस, आणि गिऱ्हाईक न फिरकलेले दिवस, हें सर्व त्याच हिश्श्यांतून भागवावयाचें असतें. विकणें हेंहि एक कामच आहे. हिस्सा मोठा असणें हा अन्याय नव्हे. तो हिशेबांत न धरतां किंमत ठरविणें हा मात्र कारागिरानें स्वतःवर केलेला अन्याय होय.

येथें थोडें गणित करूं. समजा, एका झांकणाच्या पेटीला लांकूड ४०० रुपयांचें लागलें. बिजागरी व पॉलिश मिळून १५० रुपये. तीन दिवसांची मजुरी दररोज ९०० प्रमाणें २,७०० रुपये. हत्यारांची झीज, वीज व जाण्यायेण्याचा खर्च २५० रुपये. एकूण ३,५०० रुपये झाले. दालनाचा हिस्सा शेंकडा ४०. आतां पुष्कळ जण ३,५०० वर ४० टक्के चढवितात आणि ४,९०० रुपये किंमत लिहितात. येथेंच घोटाळा होतो. दालनाचे ४० टक्के खर्चावर मोजले जात नाहींत, विक्रीच्या किंमतीवर मोजले जातात. ४,९०० चे ४० टक्के म्हणजे १,९६०. कारागिराच्या हातीं उरले २,९४०. म्हणजे ५६० रुपयांची खोट. आणि ही खोट लांकडांतून जात नाहीं, कारण लांकूडवाल्याचे पैसे आधींच दिलेले असतात; ती जाते मजुरींतून. खरी रीत अशी कीं, १०० पैकीं ६० आपले, म्हणून ३,५०० ला ६० नें भागून १०० नें गुणावें. उत्तर ५,८३३ येतें. किंमत ५,८५० लिहिली तर हातीं ३,५१० पडतात. त्रैराशिकाचें हें साधें उदाहरण आहे, पण ह्यावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते.

एवढी किंमत कोणी देईल काय, ही शंका रास्त आहे. सर्वच वस्तूंस मिळणार नाहीं. पोळपाट, लाटणें, साधा पाट ह्यांची जागा तुळशीबागेंत आहे. तेथें गिऱ्हाईक उपयोग पाहून भाव ठरवितें. दालनांत चालेल ती वस्तु अशी, कीं जी पाहतांक्षणींच एका विशिष्ट हाताची म्हणून ओळखूं येते. आणखी एक पथ्य असें कीं, दालनांत ५,८५० ची असलेली पेटी घरीं आलेल्या गिऱ्हाइकास ३,५०० ला देऊं नये. तसें करणें म्हणजे दालनाच्या दिव्याखालीं वस्तु दाखवावी आणि सौदा मात्र मागील दारीं करावा, असा प्रकार होतो. आणि असा कारागीर दुसऱ्यांदा त्या दारांत उभा राहूं शकत नाहीं.

आतां मालकीचा प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका सुतारानें एका दालनाकडे सहा पेट्या केवळ तोंडच्या शब्दावर ठेवल्या होत्या. पावसाळा संपल्यावर तो चौकशीस गेला, तेव्हां तीन पेट्या परत मिळाल्या, त्यांतील दोहोंचीं झांकणें वांकलेलीं. एक विकली गेली होती, पण पैसे यावयाचे होते. उरलेल्या दोन मुळांत आल्याच नव्हत्या, असें उत्तर मिळालें. तक्रारीचें पत्र लिहून देण्याचें काम मजकडे आलें. परंतु पत्रास आधार म्हणून जोडावा असा चिठोराहि त्याजपाशीं नव्हता. चार दिवसांनीं तो पुन्हां करवतीस बसला. बोलला कांहींच नाहीं. तें न बोलणें माझ्या मनास फार लागलें, आणि त्या वेळेपासून ह्या विषयाचा कायदा मीं थोडासा चाळला.

१८७२ चा भारतीय करार कायदा असें सांगतो कीं, कांहीं कारणासाठीं आपली वस्तु दुसऱ्याच्या स्वाधीन केली आणि कार्य होतांच ती परत करावी किंवा आपल्या सांगण्याप्रमाणें तिची व्यवस्था लावावी असें ठरलें, तर वस्तूची मालकी आपलीच राहते. कलम १५१ प्रमाणें, सामान्य समजुतीचा मनुष्य स्वतःच्या तशा वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेणें हें ठेवून घेणाराचें कर्तव्य ठरतें. मात्र कलम १५२ म्हणतें कीं, तेवढी काळजी घेऊनहि नुकसान झालें, तर विशेष करार नसल्यास तो जबाबदार नाहीं. म्हणून आग, चोरी व ओल यांचें काय, हें आधींच लिहावें. १९३० च्या मालविक्री कायद्यांत आणखी एक प्रकार आहे: ‘पसंत पडल्यास ठेवा, नाहीं तर परत करा’ अशा बोलीनें दिलेला माल. असा माल ठरलेल्या मुदतीपलीकडे, नापसंती न कळवितां, घेणारानें ठेवून घेतला, तर तो त्याचा होतो आणि किंमत देणें त्यास भाग पडतें. ह्या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. आपण कोणत्या प्रकारानें वस्तु ठेवीत आहों, हें कागदावर स्पष्ट असलेंच पाहिजे.

हा कागद लांबलचक असण्याचें कारण नाहीं. वहीच्या एका पानावर वस्तूंचा अनुक्रम, लांकडाची जात, मापें, किंमत, दालनाचा हिस्सा, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे द्यावयाचे, नुकसान झाल्यास भरपाई कोणी करावयाची, न विकलेली वस्तु केव्हां परत न्यावयाची, आणि वस्तूजवळ कारागिराचें नांव लावलें जाईल किंवा नाहीं, एवढें लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या व एकेक प्रत दोघांनीं जपून ठेवावी. प्रामाणिक दालनवाल्यास ह्याचा राग येत नाहीं. उलट त्याचेंहि रक्षण होतें.

त्या वांकलेल्या झांकणांविषयीं मात्र दोष सर्वस्वीं दालनाचा म्हणतां येणार नाहीं. लांकूड तोडल्यावरहि तें हवेशीं देवाणघेवाण करीत असतें. दमट हवेंत तें फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. आणि ही हालचाल रेषांच्या लांबीच्या दिशेनें जवळजवळ होत नाहीं, आडव्या दिशेनें होते. आडव्यांतहि वार्षिक वलयांच्या कडेनें ती साधारणतः केंद्राकडील दिशेच्या दुप्पट असते. म्हणूनच फळी वांकते. पुण्याची हवा वैशाखांत कोरडी ठणठणीत, तर श्रावणांत ओलसर. जें झांकण उन्हाळ्यांत बेताचें बसतें, तें पावसाळ्यांत अडकतें. एक इंच जाडीची फळी सावलींत, वारा खेळेल अशी रचून, सुमारें वर्षभर वाळवावी, हा जुन्या सुतारांचा अंदाज. झांकणाची फळी चौकटींत थोडी मोकळीक ठेवून बसवावी, आणि पॉलिश वरून तसेंच आंतूनहि द्यावें, म्हणजे दोन्ही बाजू सारखी ओल घेतात. ही काळजी सुतारानें घेतली असेल, तरच ओल न लागूं देण्याची जबाबदारी तो दालनाकडे मागूं शकतो.

तिसरा प्रश्न नांवाचा. ह्याचीं दोन उदाहरणें देतों. १८८१ सालीं लॉकवुड डी फॉरेस्ट नांवाच्या अमेरिकन कलावंतानें मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्यानें अहमदाबादेस लांकूडकोरीवाचा कारखाना उभा केला. तेथील सागवानी नक्षी समुद्रापार गेली. न्यूयॉर्कच्या १० व्या रस्त्यावर डी फॉरेस्ट यांनीं स्वतःसाठीं बांधलेल्या घराची खिडकी अशाच कोरीव सागवानाची आहे. कारागिरांस काम मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्या खिडकीला नांव चिकटलें तें डी फॉरेस्ट यांचें.

दुसरें उदाहरण आपल्या कोंकणांतलें. सावंतवाडीच्या चितार आळींतील रंगीत लांकडी फळें व खेळणीं आपल्या घरोघरीं येऊन गेलीं आहेत. तेथीलच गंजिफांची कला लोपत चालली असतां शिवरामराजे भोंसले व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलीक चितारी ह्या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यांतच कारागीर बसविले. दशावतारी गंजिफांच्या जोडांत १२० पानें असतात, आणि प्रत्येक पान हातानें रंगवावें लागतें. वाड्यांत येणारा पाहुणा तें रंगविणें डोळ्यांनीं पाहतो आणि मग किंमत विचारतो. हात पाहिला म्हणजे किंमतीचें आश्चर्य वाटत नाहीं. दालनास प्रत्यक्ष कारागीर बसवितां आला नाहीं, तरी त्याचें नांव, गांव आणि वस्तूस लागलेले दिवस एका चिठ्ठीवर लिहितां येतातच. त्यास खर्च कांहींच नाहीं. कारागिरानेंहि वस्तूच्या तळाशीं आपलें नांव व साल कोरून ठेवावें. चिठ्ठी गळून पडते, कोरलेलें राहतें.

एक व्यावहारिक अडचण उरते. दालनांत वस्तु महिनोन्महिने राहते, तोंवर पैसा अडकतो. आणि घरखर्च तर थांबत नाहीं. बहुतेक कारागीर येथेंच हार खातात आणि हातची पेटी मिळेल त्या भावांत देऊन टाकतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत ज्या १८ व्यवसायांचा समावेश झाला, त्यांत सुतार आणि खेळणीं करणारे आहेत. पहिल्या हप्त्यांत १ लाखापर्यंत व तें फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानें देण्याची तरतूद तींत केलेली आहे. तरीहि कर्ज तें कर्जच. सर्व माल दालनांत गुंतवूं नये. निम्मे दिवस रोजच्या गिऱ्हाइकीच्या कामास द्यावे आणि उरलेल्या दिवसांत दालनाच्या वस्तु घडवाव्या, हें धोरण शहाणपणाचें.

आतां आपण जे घेणारे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. दालनांत एखादी पेटी आवडली, तर ती उलटी करून तळ पहावा आणि ही कोणी केली, असें विचारावें. उत्तर न मिळाल्यास पुढच्या वेळीं पुन्हां विचारावें. गिऱ्हाईक जें वारंवार विचारतें, तें दुकानदार लिहून ठेवूं लागतो. विश्रामबागेचे खांब कोणी कोरले, हें आतां आपणांस कळणार नाहीं. पण आपल्या दिवाणखान्यांतील पेटी कोणी केली, हें आपल्या नातवंडांस कळावें, एवढी व्यवस्था आपल्या हातीं खचित आहे.