मांजर द्यायची, पण पोत्यातून नाही

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या बायकांनी बिनकठड्याच्या विहिरीत पडलेली एक मांजर वर काढली. दोराला टोपली बांधून खाली सोडली आणि वाट बघत बसलो. तासाभराने ती आपणहून टोपलीत चढली. पण तिला घर मिळायला दीड महिना लागला. आज ते सांगणार आहोत.

पहिल्यांदा आमचंच चुकलं. बचतीच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे उंदीर फार, द्या मला." त्याच संध्याकाळी आम्ही तिला पोत्यात घालून पोहोचवली. काकूंनी दूध-भाकरी ठेवली, दार मात्र उघडंच. सकाळी मांजर गायब! चौथ्या दिवशी ती लंगडत आमच्या पापडाच्या खोलीशी आली. मग कळलं, काकूंनी कोठीमागे उंदराचं औषध टाकलेलं होतं. विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर तिलाही बाधा होऊ शकते. आम्ही हे विचारलंच नव्हतं.

मांजर वास ओळखून जागा धरते. नव्या घरात ओळखीचा वास नसतो, म्हणून ती घाबरते आणि वाट मिळाली की जुन्या जागेकडे निघते. मध्ये रस्ता असतो, कुत्री असतात. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून बांधले, आत तिचंच गोणपाट घातलं, वरून जुनी साडी टाकली. नव्या घरी तिला दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेवायचं. कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात कोरडी माती ठेवायची, ती तिथेच घाण करते आणि पुरते. पहिले दोन दिवस ती पेटीमागे दडून बसेल, ओढून काढू नका. खाणं रोज ठरल्या वेळी द्या. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर पोसत नाही, दुधाने पुष्कळ मांजरींना जुलाबही होतात. उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं मासळी-मटण मिळायला हवं.

देण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून रेबीजची लस टोचून घ्या. धरताना मांजर चावली किंवा ओरखडली तर हळद-चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

पिल्लं असतील तर दोन महिन्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नका. मांजर पाच-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांत पिल्लं घरात! शस्त्रक्रिया सगळ्याच दवाखान्यांत होत नाही, आधी विचारून जा. आणि नको झालेली मांजर नदीपलीकडे सोडायची आपली जुनी रीत? पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं विनाकारण टाकून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे.

आमची मांजर शेवटी वस्तीवरच्या एका वहिनींकडे गेली. विसाव्या दिवशी त्यांनी जेवणवेळेच्या जरा आधी दार उघडलं, म्हणजे ती भुकेने परत येईल. ती गोठ्याला फेरी मारून आली आणि चुलीपाशी बसली.

काकूंनी आता कोठीमागचं औषध काढून टाकलंय. पुढची मांजर मिळाली की पहिला नंबर त्यांचा, असं त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय.