पत्ता म्हणजे घर नव्हे : पर्लमधील हॅशचे रेफरन्स

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेत ‘हॅश’ ही फार सोयीची रचना आहे. शब्दकोशात शब्दासमोर अर्थ असावा, तसे हॅशमध्ये प्रत्येक किल्लीसमोर एक मूल्य असते. वाचनालयाच्या सभासद क्रमांकासमोर सभासदाचे नाव नोंदवले, की क्रमांक देताच नाव हाती येते. अडचण येते ती पुढे. नुसते नाव पुरत नाही. दूरध्वनी, अनामत, थकलेला दंड हेही हवे असते. परंतु हॅशच्या एका खणात एकच सुटे मूल्य मावते. तेथे दुसरा हॅश ठेवता येत नाही.

१९९४ मध्ये आलेल्या पर्लच्या पाचव्या आवृत्तीने यावर तोडगा काढला तो रेफरन्सचा. खणात हॅश मावत नसला, तरी त्याचा पत्ता मावतो. हॅशच्या नावाआधी उलटी तिरपी रेघ दिली, की त्याचा पत्ता मिळतो. किल्ल्या आणि मूल्ये महिरपी कंसात लिहिली, तर बिननावाचा हॅश तयार होऊन त्याचा पत्ताच हाती पडतो. हा पत्ता पडद्यावर छापला, की ‘हॅश’ हा शब्द आणि कंसात संगणकाच्या स्मृतीतील स्थानाचा आकडा दिसतो. नवशिक्यांना हा बिघाड वाटतो. वास्तविक पत्ता वाचला, दार उघडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दार उघडण्याच्या या क्रियेला डीरेफरन्सिंग म्हणतात. संपूर्ण हॅश हवा असल्यास पत्ता बाळगणाऱ्या चलाआधी टक्क्याचे चिन्ह लावावे. एकच मूल्य हवे असल्यास चलापुढे बाण काढून महिरपी कंसात किल्ली लिहावी. दुसरी पद्धत वाचायला अधिक स्वच्छ आहे.

खरा धोका आहे तो नक्कल करताना. समजा, दंड माफ केल्यास हिशेब कसा दिसेल हे पाहण्यासाठी वाचनालयाने सभासदांच्या हॅशची नक्कल केली आणि तीत सर्वांचा दंड शून्य केला. मूळ नोंदी उघडल्या, तर तेथेही शून्य! कारण नक्कल झाली ती वरच्या खणांची. त्यांत होते नुसते पत्ते. दोन वह्यांत एकच पत्ता लिहिल्याने घरे दोन होत नाहीत. कोणतीही सूचना न देता खरी माहिती पुसली जाते, म्हणून ही चूक फार महागात पडते. आतल्या हॅशसह संपूर्ण नक्कल हवी असेल, तर पर्लसोबतच येणाऱ्या ‘स्टोअरेबल’ या मोड्यूलमधील ‘डीक्लोन’ वापरावे.

पर्लचा अतिउत्साहही ठाऊक असावा. नसलेल्या सभासदाचा दंड नुसता विचारला, तरी ही भाषा त्या क्रमांकासमोर एक रिकामा हॅश निर्माण करून ठेवते. पुढे सभासद मोजले, तर एक जास्त भरतो. अशा वेळी आधी ‘एक्झिस्ट्स’ वापरून सभासद क्रमांक आहे ना, हे तपासावे आणि मगच दंडाकडे वळावे. थेट दंडाच्या किल्लीवर ‘एक्झिस्ट्स’ लावले, तरी तो रिकामा हॅश तयार होतोच.