दूधविनायकाची वाटी, बनारसचा तराजू

काशीतल्या विनायकांपैकी एक दुग्धविनायक. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला त्याच्या नावाची वस्ती आहे, दूधविनायक. जवळच ब्रह्माघाट, दुर्गाघाट. पेशवाईपासून मराठी घरं इथे नांदत आली. घरात मराठी, दाराबाहेर बनारसी. आणि या दोहोंचा किराण्याचा हिशेब मुळातच वेगळा.

आपल्याकडे धान्य मापायचं, तिकडे तोलायचं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. ही सगळी भांडी. बनारसी शेर मात्र वजनाचा. सोळा छटाक, 80 तोळे, म्हणजे 933 ग्रॅम. वजनाचा शेर मुंबईतही होता, पण तो जेमतेम 318 ग्रॅमचा! कोकणातून काशीला आलेल्या सुनेने 'शेरभर'चा अर्थ नव्याने लावला असणार. 1956च्या कायद्याने दशमान वजनं आली आणि 1962पर्यंत देशभर सक्तीची झाली. शेर गेला, तोलायची सवय राहिली. तिकडे दूधसुद्धा सर्रास 'एक किलो' मागतात. लिटरभर दुधाचं वजन सुमारे 1030 ग्रॅम असतं, म्हणजे किलोभर दूध लिटरपेक्षा तीसेक मिलिलिटर कमी. बासुंदीला त्याचं काही वाटत नाही.

वाटीचं मात्र तसं नाही. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याचं माप घरोघर रुजवलं. सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले तर ती लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. अडचण येते ती खवा पाव किलो आणि साखर दीड वाटी अशी भेळ झाली की. अशा वेळी आधी आपली वाटी ओळखावी. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरावं. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. समजा 160 आले. दाणेदार साखर त्याच वाटीत साधारण 135 ग्रॅम बसेल, तांदूळ 130, रवा 110, तूप 145, मैदा 80. हे सगळं सपाट वाटीचं. शीग लावली की आकडे विसरायचे. पीठ तर चाळून अलगद भरलेलं आणि डब्यातून दाबून काढलेलं, यांत सहज पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी 1896 साली पुस्तकातून सपाट मापाचा आग्रह धरला तो म्हणूनच. पिठापुरता माझा कौल तराजूला.

तेलाच्या पिशवीवर लिटरसोबत ग्रॅमही छापलेले असतात, तेही वाचावेत. तेल तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचा लिटर 21 अंशांना 919 ग्रॅम भरतो, 60 अंशांना 893च. पूर्वी काही कंपन्या असं चढं तापमान छापून लिटर पुरा करत. 2022 साली केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख काढायला लावला.

फराळात चकलीच्या भाजणीला वाटी-किलोचं गणित लागत नाही. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ यांचं वाटीमागचं वजन जवळपास सारखंच, त्यामुळे चारास दोनास एक हे प्रमाण वाटीने घ्या की किलोने. बेसनाच्या लाडवांत मात्र वाटीभर साखर दळली की पिठीसाखरेच्या दीड वाटीच्याही वर जाते. कृतीत साखर दळण्याआधी मोजली की नंतर, हे न पाहता पिठी घातली तर लाडू अगोड होतात किंवा घसा धरतात. पातळ पोहे अर्धा किलो आणले, तर घरातलं सगळ्यात मोठं पातेलंही पुरत नाही.

खरी परीक्षा अनारशाची. तांदूळ तीन दिवस भिजतात आणि सुमारे पाव पट पाणी पितात. निथळून, कपड्यावर पसरून दळले तरी पीठ ओलसरच राहतं. म्हणून तांदळाइतकाच गूळ घ्यायचा असेल, तर तोलायचे ते कोरडे तांदूळ, भिजवण्याआधी. दमट पीठ तोलून त्याच्याइतका गूळ घातला की गूळ जास्त होतो आणि अनारसा तुपात सोडताच पसरतो. कोरड्या तांदळाचं वजन लिहून ठेवायला विसरलेल्यांना वाटीचाच आधार. ओलसर पीठ सैल भरायचं, किसलेला गूळही सैलच, आणि आधी एक अनारसा तळून पाहायचा.